सुरळी उघडून आण

नंदाखालच्या म्हाताऱ्याने माझा उतरलेला खांदा बसवला तेव्हा मी त्याला आईवरून शिवी दिली होती. तो रागावला नाही. म्हणाला, "आता हात वर कर आणि परत दे." मी हात वर केला. हात सरळ वर गेला. मग दुसरी शिवी राहूनच गेली.

कामणला गोदामात हमाली करायचो तेव्हाची गोष्ट. ट्रकवरून गोणी घेताना ती कलली, पडू नये म्हणून मी हात घातला आणि हात खांद्यातून निखळला. दोघांनी टेम्पोत घालून नंदाखालला नेलं. केळीच्या वाडीत घर, दारात क्रूस, ओट्यावर लाकडी बाक. म्हाताऱ्याने लांबूनच बघितलं आणि विचारलं, "फोटो काढलास?"

"कसला फोटो? हात लोंबतोय दिसत नाही का?"

"लोंबतोय ते दिसतं. मोडलाय का ते दिसत नाही. फोटो काढून आण. मोडला असेल तर दवाखान्यात जा, माझ्याकडे येऊ नको."

तसाच लोंबता हात घेऊन विरारला गेलो, एक्स-रे काढला, परत आलो. शिवी त्या खेपेची होती, दुखण्याची नव्हती.

फोटो उन्हात धरून बघितल्यावर त्याने मला बाकावर बसवलं, माझा हात आपल्या हातात घेतला आणि गप्पा सुरू केल्या. घर कुठे, बायको काय करते, पोरं किती. मग विचारलं, "काल काय जेवलास?"

मी म्हणालो, "सुकटीची..."

चटणी म्हणायचं होतं. ते मी बोंबलतच म्हणालो, कारण मधेच त्याने ओढलं होतं.

ही त्याची रीतच होती. माणसाला काल काय खाल्लं ते आठवायला लावायचं, आणि आठवून तोंड उघडलं की ओढायचं. म्हणायचा, आठवताना माणूस अंग सैल सोडतो. नावं त्याच्या लक्षात राहायची नाहीत, जेवण राहायचं. अर्ध्या नंदाखालला तो मासळीच्या नावाने हाक मारायचा. आगाशीच्या बाजारात एकदा ओरडला, "ए मांदेली!" तेव्हा चांगली नऊवारीतली बाई वळली, हसली आणि म्हणाली, "बरा आहे आता गुडघा." मी कायमचा सुकट झालो.

आमच्या हिचं मनगट सरकलं तेव्हा मीच तिला घेऊन गेलो. सरू तिचं नाव. भीती वाटत असेल तर ती जास्तच ताठ बसायची. म्हाताऱ्याने विचारलं, "काल काय जेवलीस बाई?"

"काल एकादशी. उपा..."

तेवढ्यात कटकन वाजलं. सरू ओरडली नाही. वाक्य तिने पुरं केलं, "...स होता." म्हाताऱ्याने पहिल्यांदा कुणाकडे तरी मान वर करून बघितलं. तेव्हापासून ती उपासबाई. मला तो विसरला असता तरी चाललं असतं, तिला विसरला नाही. फणस आला की निरोप यायचा, "उपासबाईला सांग, गरे उपासाला चालतात."

आता तोही नाही आणि तीही नाही. म्हणून म्हटलं लिहून ठेवावं. नातीला वाचता येतं आता.

उंचीने तो माझ्या काखेत बसला असता. अर्धी चड्डी, बनियन, गळ्यात माळ आणि माळेला क्रूस. बोटं मात्र दुसऱ्या कुणाची तरी लावल्यासारखी, आल्याच्या गड्ड्यासारखी जाड आणि गाठींची. त्या बोटांनी तो केळीचं फूल असं काढायचा की झाडाला कळू नये. घरात त्यांच्या बोलीत बोलायचा, त्यातलं मला निम्मं कळायचं नाही. आमच्याशी मराठीत.

बाराला चर्चची घंटा झाली की तो जिथे असेल तिथे उभा राहायचा, डोळे मिटायचा, ओठ हलवायचा. समोर कुणाचा पाय अर्धा ओढलेला असला तरी. एकदा एका मास्तरांचा घोटा हातात असताना घंटा झाली. म्हातारा घोट्यासकट उभा राहिला. मास्तर बाकावर आडवे आणि पाय वर. प्रार्थना संपल्यावर म्हणाला, "देवाने बघितला तुमचा पाय. आता मी बघतो."

तो काही चुकतच नव्हता असं नाही. बाजारात सुकी मासळी विकणारा एक लंगडा होता. तो दिसला की म्हातारा गल्ली बदलायचा. मला वाटलं उधारीचं काहीतरी असेल. एकदा विचारलं. म्हणाला, "तो पाय माझा आहे." तरुणपणी, एक्स-रेशिवाय, भर गर्दीत बांधलेला पाय. वाकडा जुळला. फोटो मागायची सवय त्या पायाने लावली होती.

पण सगळ्यात विचित्र सवय वेगळीच होती. तान्हं पोर घेऊन कुणी ओट्यावर चढलं की हा उठून उभा राहायचा आणि दोन्ही हात पाठीमागे बांधायचा. पोलिसाने बेड्या घातल्यासारखा. पोर गोड असो, रडकं असो, चर्चचे फादर घेऊन आलेले असोत, हात पाठीमागेच. आपल्या स्वतःच्या नातवंडांना त्याने दुधाचा पहिला दात पडेपर्यंत मांडीवर घेतलं नाही. नातवाच्या बाप्तिस्म्याला चर्चमध्ये शेवटच्या बाकामागे खिशात हात घालून उभा होता. लोक म्हणायचे नवस आहे. कोणी म्हणायचं, कधीतरी कुणाचं पोर ह्याच्या हातून दगावलं असेल. मलाही तेच वाटायचं.

आणि कोणी फारच मागे लागलं, बाबा, लहान आहे, रात्रंदिवस रडतं, जरा पाठ मोकळी करून द्या, तर तो वाडीकडे बोट दाखवायचा.

"जा. केळीच्या मधलं नवं पान बघ. सुरळी असेल. ती उघडून आण. फाटली नाही तर पोराला हात लावतो."

लोक हसत जायचे. सुरळी म्हणजे काय, गुंडाळलेलं पान. वरून बोट घालायचं, अलगद सोडवायचं. चार बोटं सुटते, मग टरकते. दुसरी घ्या, तीही टरकते. परत येताना कोणी हसत नसे. म्हातारा म्हणायचा, "तीच सुरळी आठ दिवसांनी येऊन बघ. कुणी न उघडता उघडलेली असेल." एवढं झालं की पोराच्या आईला घरची राजेळी केळी द्यायचा आणि बालरोगवाल्या डॉक्टरणीचा पत्ता सांगायचा.

मला हे सगळं थोतांड वाटायचं. हे मी त्याला तोंडावर सांगितलं होतं.

माझी नात ओवी झाली ती मुलाच्या लग्नाला बरीच वर्षं उलटल्यावर. आम्ही सगळे बोळिंजला मुलाच्या फ्लॅटमध्ये. ओवी दीड-दोन महिन्यांची झाली तेव्हा सरूच्या लक्षात आलं की पोरीची मान एकीकडेच कलते. डाव्या खांद्याकडे, तोंड उजवीकडे वळलेलं. डावीकडून आवाज दिला तर मान कलतीच ठेवायची आणि नुसते डोळे फिरवायची. त्यात दिवेलागणीला रडणं सुरू. जेवणाची ताटं उचलेपर्यंत रडणं. सून स्नेहल रजेवर होती. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलेलं, केस तीन-तीन दिवस विंचरलेले नसायचे.

डॉक्टरणीने तपासलं. मानेचा एक स्नायू आखडलाय म्हणाली. व्यायाम शिकवला, रोज पाच-सहा वेळा करा म्हणाली, महिने लागतील म्हणाली. रडण्याचं विचारलं तर म्हणाली, या वयात रडतात, हळूहळू थांबेल. जाताना बजावलं, "कुणाकडून कडकड करून घेऊ नका. एवढ्या लहान मानेला नाही."

मी बाहेर येऊन म्हणालो, "दोन बोटांचं काम, आणि ही महिने सांगते."

इकडे स्नेहलच्या मोबाइलवर दिवसभर व्हिडिओ. परदेशातला कोणी गोरा डॉक्टर एवढंसं पोर उलटं धरतो, मानेला बोट लावतो, आणि पोर हसतं. आमच्याच रस्त्याला केकच्या दुकानाशेजारी तसलाच नवा दवाखाना निघाला होता, मणक्याचा. पाटीवर हसणारं बाळ. सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्यावरून भांडण पेटलेलं. दुसऱ्या मजल्यावरची बाई म्हणे, माझ्या मुलाचं रडणं दोन वेळात गेलं. चौथ्या मजल्यावरची नर्स म्हणे, वेड लागलंय का तुम्हाला. मुलगा म्हणे डॉक्टरीण सांगते तेच. स्नेहल म्हणे, तू दिवसभर ऑफिसात असतोस, रडणं मी ऐकते.

मी म्हणालो, "भांडू नका. उद्या नंदाखालला जाऊ. म्हातारा ऐकेल माझं."

मी, सरू, स्नेहल आणि दुपट्यात ओवी, रिक्षा करून गेलो. म्हाताऱ्याने आम्हाला बघितलं आणि उभा राहिला. हात मागे.

"बाबा, ही माझी नात आहे," मी म्हणालो.

"दिसली."

"मान बघा जरा."

"बघितली. डॉक्टरणीने काय सांगितलं?"

स्नेहलने सांगितलं. तो ऐकत होता आणि ओवीकडे बघत होता. ओवी एका बाजूने त्याच्याकडे. मग म्हणाला, "तिचं ऐका."

मी चिडलो. "एवढ्या लोकांची हाडं बसवलीत, माझ्या नातीलाच काय झालं?"

"वाडीत जा. सुरळी उघडून आण."

मी गेलो. हमालाचे हात माझे, पण त्या दिवशी जिद्दीने गेलो. पहिली टरकली. दुसरी टरकली. तिसऱ्या वेळी मुळाशी जाऊन उलट्या बाजूने धरली, तर ती सगळीच फाटून हातात आली. ती तशीच आणून ओट्यावर टाकली आणि त्याच्याशी अरेतुरेवर आलो. "तुला भीती वाटते. हात गेला तुझा. कबूल कर."

"हो, वाटते," तो म्हणाला.

"कोण मेलं होतं तुझ्या हातून?"

स्नेहलने ओवीला छातीशी ओढलं. म्हातारा खाली बसला, पण हात मागेच ठेवून, त्यामुळे बसताना जरा हेलपाटला.

"कोणी नाही," तो म्हणाला. "मेलं असतं तर समजलं असतं मी काय करतोय ते. ऐक. एका उन्हाळ्यात आगाशीची एक बाई रडतं पोर घेऊन आली. मी पाठीवरून अंगठा फिरवला, मानेला थोडी ओढ दिली. पोर झोपलं. दुसऱ्या दिवशी तिघी आल्या. पंधरा दिवसांत ह्या बाकापासून त्या विहिरीपर्यंत रांग. मी रोज पोरं दाबायचो. सगळी गप्प व्हायची. मला वाटलं देवाने बोटांत काहीतरी ठेवलंय. मग एक दिवस पानवेलीवर मोरचूद मारत होतो, हात निळे. विरारचं एक जोडपं आलं. म्हटलं, आज हात लावत नाही, विष आहे, उद्या या. नुसतं लांबून बघितलं पोराला. ते आले चौथ्या दिवशी, पेढे घेऊन. म्हणाले, बाबा, तुमच्या नजरेतच गुण आहे, पोर त्याच रात्रीपासून शांत."

त्याने मान वळवून विहिरीकडे बघितलं.

"त्या रविवारी मी चर्चमध्ये मिस्साला गेलो नाही. इथेच बसलो. न दाबता ते पोर गप्प झालं. मग दाबली ती कशाने गप्प झाली? तुझा खांदा उतरला होता, फोटोत दिसत होता. बसला तेव्हा आवाज आला, तू हात वर केलास. त्या पोरांचं मी काय उतरलेलं बसवलं, सांग? मला काही दिसलं नव्हतं. काही न दिसता मी एवढ्या माना हातात घेतल्या. एखादी माझ्या हातात राहिली असती तर?"

मी म्हणालो, "राहिली नाही ना."

"नाही राहिली. म्हणून तर रांग लागली."

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मी ऐकतच नव्हतो, मला फक्त नाही म्हटलेलं ऐकू येत होतं. सरू ओट्यावर नव्हती. मला वाटलं विहिरीकडे पाणी प्यायला गेली असेल. जरा वेळाने पदराला हात पुसत आली. रिक्षात बसताना मी म्हाताऱ्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मीच स्नेहलला म्हणालो, "घे तुझ्या त्या दवाखान्यात नंबर." हे माझं काम. दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

दवाखाना थंडगार, वास चांगला. डॉक्टर पोरगेलासा, बाहेरून शिकून आलेला, बोलायला गोड. हात धुतले, चोळून गरम केले. ओवीला मऊ टेबलावर ठेवलं. ती त्याच्याकडे बघून तोंड उघडून हसली. मी मनात म्हटलं, बघ म्हाताऱ्या.

"थांबा," सरू म्हणाली. "काय करणार ते आधी सांगा."

"आजी, घाबरू नका. मोठ्यांसारखं कडकड नाही करत. टोमॅटो पिकलाय का बघतो ना आपण, तेवढाच दाब."

"टोमॅटो मी रोज दाबते. काहींवर बोट उमटतं. ते मी टोपलीत परत ठेवते आणि दुसरा घेते." सरूचा आवाज ताठ झाला होता, मनगटाच्या वेळी झाला होता तसा. "काय जागेवरून हललंय हिचं? फोटोत दिसतं का?"

"फोटोत दिसेल असं नसतं ते. हाताला जाणवतं."

"आणि नाही केलं तर? आपलं आपण सुटेल का?"

पोरगा खोटा नव्हता. म्हणाला, "बऱ्याच जणांचं सुटतं. वेळ लागतो."

मी म्हणालो, "आता आलोय तर करून टाका. तिचं काय ऐकता."

हे मी म्हणालो. हातात त्याच्या माझ्या नातीची मान, आणि मी म्हणालो करून टाका. कारण काय, तर म्हाताऱ्याने नाही म्हटलं होतं म्हणून.

सरूने माझ्याकडे बघितलं नाही. ती स्नेहलकडे वळली. पिशवीतून रुमाल काढला आणि उघडला. आत केळीच्या पानाच्या चिंध्या, कोवळ्या, पोपटी, कडा काळ्या पडायला लागलेल्या.

"काल मी गेले होते मागे," ती म्हणाली. "पाच घेतल्या. एवढी वर्षं चपातीचे उंडे वळतेय, साडीच्या निऱ्या करतेय, मला वाटलं मला जमेल. पाचही फाटल्या. आई तू आहेस स्नेहल. तू म्हणशील तसं."

स्नेहल त्या चिंध्यांकडे बघत उभी राहिली. मग तिने वाकून ओवीला उचललं. एक हात मानेखाली, एक पाठीखाली. डॉक्टरला म्हणाली, "सॉरी हं." तो म्हणाला, "नाही, नाही. मनात शंका असेल तर नकोच." त्याचं हे मला आजही चांगलं वाटतं. त्याचा दवाखाना अजून आहे, गर्दी असते. कोणी विचारलं तर एवढंच सांगतो, मोठ्यांचं मला माहीत नाही, तान्ह्याला नेऊ नका.

रस्त्यात मी सरूला म्हणालो, "काल सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

मग व्यायाम सुरू झाले. डॉक्टरणीने सांगितल्याप्रमाणे एकाने ओवीचा खांदा खाली धरायचा आणि दुसऱ्याने मान अलगद दुसऱ्या बाजूला वळवायची. मान सरू नाहीतर स्नेहल वळवायची. खांद्याचं काम माझ्याकडे. सरू म्हणायची, "तुमचा हात जड आहे. नुसता ठेवा, दाबू नका." आयुष्यभर गोण्या उचलल्या, पण नुसता हात ठेवणं किती कठीण असतं ते तेव्हा कळलं. घाम यायचा मला. मग ती डावीकडे बसून वाटीवर चमचा वाजवायची. ओवीने जरा जरी वळून बघितलं तरी घरात लग्न लागल्यासारखा आनंद.

रडणं चौथ्या महिन्यात थांबलं. कुणी काहीच केलं नाही. एका संध्याकाळी आम्ही रडण्याची वाट बघत बसलो आणि ते आलंच नाही.

त्याच दिवसांत म्हातारा आमच्याकडे आला. एकटा, बसने, केळ्यांचा घड खांद्यावर घेऊन. लिफ्टमध्ये पहिल्यांदाच बसला होता. म्हणाला, "पोटातलं सगळं खाली राहिलं." मी अरेतुरे केल्याचं एका शब्दाने काढलं नाही. सोफ्यावर बसला आणि दोन्ही हात मांडीखाली घातले. सरूने चहा दिला तर म्हणाला, "खाली ठेव." ओवी समोर चटईवर. हा डावीकडून जिभेने टॉक टॉक आवाज काढत होता, बैल हाकल्यासारखा. ओवी वळली. पूर्ण नाही, पण वळली. त्याचे डोळे भरले. हात मांडीखाली म्हणून पुसता येईनात.

"घ्या ना जरा," सरू म्हणाली.

"नको उपासबाई. माझे हात माझं ऐकत नाहीत. मान दिसली की चाचपायला जातात." मग विचारलं, "किती फाडल्यास?"

"पाच."

"विसाव्या वर्षी मी केळीची अख्खी रांग फाडली होती. बापाने दोन दिवस जेवायला दिलं नाही."

सरू पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "हिचा पहिला दात पडला की घेऊन येईन. तेव्हा मांडीवर घ्यावं लागेल, सांगून ठेवते."

"आण. मी असलो तर."

"तुम्ही असाल हो. तुम्हाला कोण नेतंय."

वर्षाची झाली तेव्हा ओवीची मान सरळ होती. डॉक्टरीण म्हणाली, व्यायामाने झालं, वेळेवर केलेत म्हणून. असेल. तिला जास्त कळतं.

मागच्या वर्षी सरू गेली. सकाळी चहा ठेवला होता. मी उठून गेलो तेव्हा ती ओट्याला टेकून खाली बसलेली. गॅस बंद केला होता तिने. जातानाही गॅस बंद केला. त्यानंतर काय काय झालं ते मला नीट आठवत नाही. मी कुठे जाईनासा झालो. मुलगा म्हणायचा बाबा खाली बागेत तरी जा. मी टीव्ही लावून बसायचो, आवाज बंद करून.

दोनेक महिन्यांनी ओवी पेरू खाता खाता रडत आली. हातावर दात. मग रडणं विसरून म्हणाली, "आबा, आजी म्हणाली होती दात पडला की केळीवाल्या आजोबांकडे जायचं."

मला वाटलं विसरली असेल. पोरं विसरत नाहीत.

रविवारी गेलो. ओट्यावरचा बाक होता, म्हातारा खाटेवर होता. डोळ्यांत पांढरं आलेलं. हात मात्र तसेच, गड्ड्यासारखे.

"कोण?"

"सुकट."

तो उठून बसला. "उपासबाईचं कळलं. मला आणायला कोणी नव्हतं."

"हं," मी म्हणालो. ओवीला पुढे केलं. "दात पडला हिचा."

त्याने बोटाने खिंड चाचपली. वेळ घेतला. मग पहिल्यांदा, माझ्यासमोर तरी पहिल्यांदा, दोन्ही हात पुढे केले. ओवी स्वतःच चढून त्याच्या मांडीवर बसली.

"काल काय जेवलीस?"

मी दचकलोच. ओवी म्हणाली, "पास्ता."

"हा कुठल्या खाडीतला?"

ओवी एवढी हसली की मांडीवरून घसरायला लागली. त्याने धरलं. दोन बोटं मानेच्या मुळापासून वर नेली, कानापर्यंत, परत खाली. दाब नाही. "डावीकडे बघ. काय दिसतं?"

"आबा."

"उजवीकडे?"

"केळी."

"सरळ आहे," तो म्हणाला. उशाखालून एक सुकेळं काढून तिला दिलं, उन्हात वाळवलेलं चामट केळं. दात पडलेल्यांनाच मिळायचं ते. ती खिंडीतून ते ओढत ओट्यावर उड्या मारायला लागली.

मग त्याने चाचपत माझा खांदा शोधला. उजवा, त्याने बसवलेला. म्हणाला, "आणि तू काल काय जेवलास, सुकट?"

काल एकादशी होती. मी आयुष्यात कधी उपास केला नव्हता. ती गेल्यापासून तिच्या एकादश्या मी धरतो, कुणाला सांगत नाही. सुनेला सांगतो भूक नाही. तोंड उघडलं आणि म्हणालो, "काल उपास..."

पुढचं येईना. सवयीने दात आवळले. आता हा ओढणार.

त्याने ओढलं नाही. हात नुसता ठेवला. दाबलं नाही. मी रडलो तेवढा वेळ ठेवला.